आजारी पडण्याचा अधिकार

तंजावरास बदलून आलेला मराठी अधिकारी पहिल्या महिन्यात तीन गोष्टी करतो. बृहदीश्वराच्या आवारात जाऊन तेथील भिंतीवर १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महालातील मोडी कागदांच्या रुमालांसमोर हात जोडतो, आणि गावाकडून आलेल्या पाहुण्यांस 'हे सारे एके काळी आपले होते' असे सांगू लागतो. आम्हीही हे तिन्ही संस्कार यथासांग करून घेतले आहेत. तेव्हा या थट्टेतून आम्ही स्वतःस वगळीत नाही.

गेल्या महिन्यात येथील आपल्या मराठी मंडळींची बैठक होती. चहा झाल्यावर गोष्टी करोनाच्या वर्षांवर आल्या. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे, म्हणाले, "देश मरणाच्या दारात असताना या युनियनवाल्यांना पगाराच्या आणि रजेच्या गोष्टी सुचत होत्या! माणसे जात होती आणि हे संपाच्या नोटिसा देत होते!" माना डोलल्या. खरे सांगावयाचे तर आमचीही मान, संकोचाने का होईना, हललीच असावी. घरी परतताना त्या हललेल्या मानेची लाज वाटू लागली. म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम हे पाहू की ते उद्गार कोणाच्या तोंडचे होते. खोलीत बसलेल्या बहुतेकांना वर्षाकाठी तीस दिवसांची अर्जित रजा आहे, वीस दिवसांची अर्धपगारी रजा आहे, आणि डॉक्टरचा दाखला जोडला की अर्धपगारीची पूर्णपगारी करून घेण्याची सोय आहे. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने करोना झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी रजेची खास सवलत दिली. घरातील माणूस बाधित झाले तरी पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळण्याची व्यवस्था केली. हे योग्यच झाले. त्यासाठी आपणांपैकी कोणास रस्त्यावर उतरावे लागले नाही, कारण आपल्या रजेची भांडणे आपल्या आधीच्या पिढ्यांनी भांडून ठेवली आहेत. ज्याच्या ताटात वाढलेले असते त्याला वाढप्याशी चाललेली हुज्जत असभ्य वाटते, त्यातलाच हा प्रकार. आणि एक आठवण, कटू असली तरी सांगितली पाहिजे. २०२० च्या एप्रिलमध्ये महागाईभत्त्याचे तीन हप्ते गोठले तेव्हा देश याच मरणाच्या दारात होता. त्या वेळी आपल्या मंडळींत जी कुजबुज झाली, जे हिशेब कागदावर मांडले गेले, 'असोसिएशन काय झोपली आहे काय' असे जे प्रश्न विचारले गेले, ते आम्ही स्वकर्णांनी ऐकले आहेत. म्हणजे संघटना वाईट नव्हे; दुसऱ्याची संघटना वाईट!

आता मूळ आक्षेपाकडे वळू. साथीच्या काळात मजुराने आजारपणाचा पगार मागणे हा स्वार्थ, असे म्हणतात. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. साथीच्या काळात याहून अधिक सार्वजनिक हिताची मागणी शोधून सापडावयाची नाही. ज्याला ताप आल्यावर मजुरी तुटते तो ताप लपवितो. गोळी घेऊन कामावर जातो, खोकला दाबतो, शेजाऱ्यास रोग देतो. 'घरी राहा' हा हुकूम पगारी माणसाला आरोग्याचा सल्ला आहे. रोजंदारीच्या माणसाला तो दंड आहे, आणि दंड चुकविण्याकडे मनुष्याची प्रवृत्ती असणारच. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून रोग जिल्ह्याजिल्ह्यांत गेला, ५ मे रोजी बाजार बंद झाला, आणि तेथून गावी परतलेल्या हमालांकडे लोक विषारी सापाकडे पाहावे तसे पाहू लागले. त्यांच्या पाठीवरून उतरलेली भाजी मात्र आपण धुऊन, निवडून खाल्ली होती. त्या हमालास दोन आठवडे घरी बसून पोट भरता येईल अशी व्यवस्था असती, तर तो कोणत्या दिवशी घरी बसला असता, हा प्रश्न त्या वेळी आपल्यापैकी कोणीच विचारला नाही.

सरकारने काही केलेच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने हुकूम काढला की टाळेबंदीच्या काळात मालकांनी वेतन न कापता द्यावे. हुकूम चांगला होता. त्याचे आयुष्य मात्र सात आठवड्यांचे ठरले. १८ मेपासून तो मागे घेण्यात आला, आणि १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक-मजुरांनी आपसांत बोलून मिटवावे, तोवर मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. आपसांत बोलावे, हे ठीक. पण एकटा मजूर मालकाशी काय बोलणार? 'आपसांत' या शब्दाला अर्थ येतो तो दोन बाजू असतील तर, आणि मजुराची बाजू म्हणजे संघटना. जे संघटनेला नावे ठेवतात आणि त्याच श्वासात वाटाघाटीची शिफारस करतात, त्यांनी एका हाताने टाळी कशी वाजते ते आम्हांस दाखवावे.

त्याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते तेही आठवावे. उत्तर प्रदेशाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे बासनात बांधून ठेवण्याचा वटहुकूम पुढे केला. गुजरातेने कारखान्यांतील दिवस बारा तासांचा केला, आणि वाढीव तासांचा दुप्पट दर नको म्हणून सांगितले. साथ ही जणू आठ तासांच्या दिवसालाच झाली होती! गुजरातेचा हुकूम रद्द झाला तो कोणा दयाळू सचिवाच्या टिपणीने नव्हे. गुजरात मजदूर सभा व तिच्याबरोबरची दुसरी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की महामारी हे काही युद्ध वा अंतर्गत बंडाळी नव्हे. कारखाने कायद्यातील आणीबाणीचे कलम तिच्या नावाने वापरता येणार नाही. 'युनियनवाल्यांना काय सुचत होते' याचे हे एक उत्तर आहे.

दुसरे उत्तर चेन्नईच्या बाहेर मिळते. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेच्या भरात, ओरगडमच्या रेनो-निसान कारखान्यातील संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. गाऱ्हाणे असे, की जुळणीच्या पट्ट्यावर माणसामाणसांत अंतर राहत नाही. कंपनीने ते नाकारले. शेजारी श्रीपेरुंबुदूरला ह्युंदाईच्या कामगारांनी बैठक मारली आणि कारखाना काही दिवस बंद राहिला. या मागण्यांत पैसा नव्हता हे कृपया लक्षात घ्यावे. सरकार तुम्हांआम्हांस दूरदर्शनवरून जे रोज सांगत होते, 'दोन हात अंतर राखा', तेवढेच ते मागत होते. आपण ते ऐकले तर सुजाण नागरिक ठरतो, त्यांनी मागितले तर देशद्रोही ठरतात, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

महाराष्ट्रात १५ जून २०२१ रोजी सत्तर हजारांच्या आसपास आशा सेविका संपावर गेल्या. घरोघर फिरून ताप मोजणाऱ्या, बाधितांच्या दारावर कागद चिकटविणाऱ्या, लोकांच्या शिव्या खाणाऱ्या या बायकांना करोनाच्या कामाचे महिन्याला हजार रुपये मिळत होते. दिवसाचे तेहतीस रुपये आणि काही पैसे. आठवड्याभराने सरकारने मानधनात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता कबूल केला. टाळ्या आणि थाळ्या आपण वर्षभरापूर्वीच वाजविल्या होत्या. त्यांची वाढ मात्र संपानंतर झाली. दोहोंतील कार्यकारणभाव ज्याला दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत. २०२० च्या एप्रिलमध्ये १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली, तेही उत्तम झाले. सेविकेच्या अंगावरील माराची दखल कायद्याने घेतली. तिच्या पोटावरील मारासाठी तिला स्वतःच उभे राहावे लागले.

आमच्या ज्येष्ठ मित्रांना मराठी इतिहासाची आवड आहे, म्हणून १८९७ चाच दाखला देतो. मुंबईस ग्रंथिक सन्निपात पसरला तेव्हा गिरणीकामगार हजारोंनी गावी पळाले. एरवी पगार महिनोन्‌महिने अडकवून ठेवणारे गिरणीमालक त्या दिवसांत नाक्यानाक्यावर उभे राहून हातात रोजची मजुरी ठेवू लागले, माणसांसाठी आपसांत बोली लावू लागले. 'धंद्याला झेपत नाही' असे जे काल सांगितले जात होते ते एका रात्रीत झेपू लागले; कारण माणसे दुर्मीळ झाली. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे वारले. गिरणीकामगारांची संघटना उभारणारा, १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळवून देणारा हा मनुष्य प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता प्लेगनेच गेला. पुढच्याच महिन्यात सावित्रीबाई फुले तशाच गेल्या. संघटनेचा पुढारी साथीत काय करतो, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर रविवारी सकाळी, वर्तमानपत्र वाचीत आरामखुर्चीत बसून, त्याचे उत्तर शोधावे. तो रविवार लोखंड्यांनी दिलेला आहे.

१९१८ चेही तेच. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रासेत बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांचा 'मद्रास लेबर युनियन' बी. पी. वाडियांच्या अध्यक्षतेखाली निघाला. जेवणाची सुटी इतकी थोडकी असे की घास गिळावयास वेळ पुरत नसे. दोन महिन्यांत मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा देशात शिरला. पुढच्या जानेवारीत मुंबईत लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले. माणसांची प्रेते पाहिलेल्या कामगाराला मजुरीचा विचार सुचतो, याचे ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी कधी उपाशी घरात प्रेत पाहिलेले नसावे.

आणि आजारी विम्याची जी योजना आज या देशात आहे, तिचा आराखडा १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी सरकारास सादर केला. नावावरून ते आपलेच, हे वाचकांस सांगावयास नको. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा त्यातून आला. त्या योजनेत बसणाऱ्या कामगारास आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के मिळतात, करोनातही मिळाले. पण बसणारा कोण? पगार २१,००० च्या आत, आणि जागा कायद्याच्या कक्षेतली. तंजावरात बसून चारी दिशांस नजर टाका. शेतात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणारी बाई त्यात नाही. तिरुभुवनमला घरच्या मागावर रेशीम विणणारा त्यात नाही. मान डोलावणारी तंजावरी बाहुली रंगविणारा नाही.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण हा जिल्हा भाताचा आहे. २०२० च्या १२ जूनला, ठरल्या तारखेस, मेट्टूर धरणाचे पाणी सोडले. कित्येक वर्षांनी ती तारीख पाळली गेली होती. कुरुवैचे पीक घेतले गेले. देश दारे लावून बसला असता कावेरीच्या फाट्यांवर लावण्या झाल्या, कापण्या झाल्या, सरकारी खरेदी केंद्रांवर चाळीस-चाळीस किलोंची पोती रचली गेली. त्याआधी एप्रिलमध्ये राज्य सरकारने तांदळाच्या शिधापत्रिकांवर फुकट धान्य आणि हजार रुपये दिले होते, त्याचे कौतुक आम्हीही केले. ते धान्य गोदामातून गाडीवर कोणी चढविले? पोत्यामागे मजुरी घेणाऱ्या हमालांनी. पोते उचलले तर पैसे, न उचलले तर नाहीत. त्यांच्या करारात ताप या शब्दाला स्थान नाही. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, औषधपाणी देणारी मंडळे आहेत. ती आकाशातून पडली नाहीत. अण्णासाहेब पाटलांच्या मागे माथाडी उभे राहिले, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीमागे हमाल उभे राहिले, म्हणून ती झाली.

या मातीत असे उभे राहण्याची किंमत काय असते, हेही आपण जाणून असावे. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव नावाचा एक कानडी मनुष्य येथे आला. तमिळ त्याची मातृभाषा नव्हती. आपल्याप्रमाणे तोही परक्या मुलखात कामासाठी आलेला. फरक इतकाच की तो पन्नैयाळांच्या, म्हणजे जमीनदाराकडे बांधलेल्या शेतमजुरांच्या, झोपड्यांत जाऊन राहिला. त्या मजुरांना तोवर चाबकाचे फटके आणि शेण कालविलेले पाणी ही शिक्षा ठरलेली होती. संघटनेने ती बंद पाडली. १९५२ साली राजाजींनी, जे कम्युनिस्टांस उघडपणे आपला पहिला शत्रू म्हणत, तंजावरच्या कुळांना व पन्नैयाळांना संरक्षण देणारा कायदा केला. शत्रूलाही कायदा करावयास लावते ती संघटना. आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या याच तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावी एका झोपडीत आसरा घेतलेल्या ४४ दलित माणसांना जाळण्यात आले. बहुतेक बायका आणि मुले. अपराध असा की ती भाताचे थोडे अधिक माप मजुरी म्हणून मागत होती आणि लाल बावट्याची संघटना सोडावयास तयार नव्हती. जमीनदार पुढे उच्च न्यायालयात सुटले. बृहदीश्वराहून कीळवेण्मणी मोटारीने काही दूर नाही. आपल्या पाहुण्यांपैकी किती जणांस आपण तेथे नेले?

आता आमच्या अभिमानाच्या गोष्टीकडे येतो. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. त्यात आपल्या राज्यातील छत्रांचे वर्णन आहे. वाटसरूस, मग तो कोणत्याही जातीचा असो, अन्न मिळे. छत्रात वैद्य असत. वाटेत आजारी पडलेल्यास बरा होईतो औषध आणि पथ्याचे अन्न आदराने दिले जाई. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे. बैठकीत या पत्राचा उल्लेख आपण किती वेळा करतो! आम्हीही करतो, वाचताना डोळे भरून येतात हे खोटे नाही. पण विचार असा येतो, की छत्र चालत असे ते नेमून दिलेल्या गावांच्या भातावर, आणि ते भात लावीत व कापीत ते हेच पन्नैयाळ. रामेश्वरास निघालेल्या आजारी यात्रेकरूची सोय राजाने केली. त्या यात्रेकरूचे पथ्य पिकविणाऱ्याला ताप आला तर त्याची त्या दिवसाची मजुरी छत्राच्या धर्मात बसत नव्हती. दोनशे वर्षांनंतरही आपण छत्राचेच मन घेऊन वावरतो. आजारी माणसाला भात वाढावयास आपला हात मोकळा आहे. आजारी कामकऱ्याचा पगार न कापण्यास तो आखडतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. मंडळाच्या भाड्याच्या जागेची झाडलोट ज्या बाई करतात, ज्यांना आपली मुले अक्का म्हणतात, त्या २०२१ च्या मेमध्ये एकोणीस दिवस करोनाने घरी होत्या. महिना तीन हजार रुपये. जमाखर्चाच्या वहीत एकोणीसशे रुपये कापल्याची नोंद आहे. त्याच वर्षी दिवाळीच्या फराळाच्या वेळी आपण वर्गणी काढून त्यांना अडीच हजार रुपये, साडी आणि नारळ दिला, छायाचित्र काढले, अध्यक्षांनी दोन शब्द सांगितले. हक्काचे १,९०० वाचविण्यासाठी आपण दयेचे २,५०० मोजले! हिशेबतपासनिसांचा एवढा मोठा भरणा असलेल्या मंडळास हा व्यवहार तोट्याचा आहे हे दिसले नाही, कारण त्या सहाशे रुपयांत आपण काहीतरी विकत घेतले होते: अक्कांची वाकलेली मान. त्या बैठकीस आम्ही हजर होतो, आणि टाळी आम्हीही वाजविली.

संघटनांत दोष नाहीत असे आम्ही मानीत नाही. पक्षागणिक वेगळी संघटना आणि संपाच्या दिवशीही एकमेकांकडे पाठ, हे २६ नोव्हेंबर २०२० च्या देशव्यापी संपातही दिसले. कायम कामगारांच्या संघटनांनी कंत्राटी माणसाला वर्षानुवर्षे दारात उभे ठेवले. अक्कांची तर कोणतीच संघटना नाही. पण हा आरोप संघटना अपुऱ्या आहेत असा आहे, फाजील आहेत असा नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांत असंघटितांसाठी योजना करण्याचे अभिवचन आहे. ताप आलेल्या रोजंदाराची त्या दिवसाची मजुरी अजून कोणत्याच कलमात नाही. उलट असे आहे, की एखाद्या दिवशी निम्म्या वा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तो संप समजावा. पुढची साथ येईल तेव्हा निम्मी पाळी तापाने अंथरुणावर असली, तर ती ठरवून पडलेली नाही हे सिद्ध कोणी करावयाचे?

आम्ही आगामी वार्षिक सभेसाठी चिटणीसांकडे एक ठराव पाठविला आहे. मंडळाच्या कामावरील तीनही माणसांना, म्हणजे अक्का, आचारी आणि रात्रीचा राखणदार यांना, वर्षाला पंधरा दिवसांची पूर्ण पगारी आजारी रजा असावी. पहिल्या तीन दिवसांना डॉक्टरचा दाखला मागू नये. साथीत सरकारी हुकमाने घरी बसावे लागले तर ते दिवस त्या पंधरांत धरू नयेत. आणि २०२१ चे कापलेले एकोणीसशे रुपये, कोणताही समारंभ न करता, पाकिटात घालून परत करावेत. खर्चाचा अंदाज आम्ही काढला आहे: सभासदामागे महिन्याला बारा रुपये. ज्येष्ठ मित्रांनी ठरावास विरोध करण्याचे कळविले आहे. त्यांनी तो अवश्य करावा. मात्र तो अक्कांना सभेत बसवून, त्यांना समजेल अशा तमिळमध्ये करावा, एवढी उपसूचना आम्ही आताच देऊन ठेवीत आहोत.